जावईबापूंनी हलवलेल्या फायली

कॉम्प्युटर बिघडलाय असं सांगत जे लोक माझ्याकडे येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचा कॉम्प्युटर ठणठणीत असतो. बिघडलेलं दुसरंच काहीतरी असतं, पण ते दुरुस्त करायचा पगार मला मिळत नाही.

मी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळतो. सगळ्यांच्या फायली एकाच मोठ्या ड्राइव्हवर असतात. हिशेबवाल्यांचं फोल्डर वेगळं, छपाईवाल्यांचं वेगळं, डिझाइनवाल्यांचं वेगळं. कुठलं फोल्डर कुणी उघडायचं, कुणी नुसतं बघायचं, कुणी त्यात बदल करायचे, हे मी लावून ठेवतो. याला परमिशन म्हणतात. घरात जसं प्रत्येकाचं आपलं कपाट असतं, तसंच हे. फरक एवढाच की घरात दुसऱ्याचं कपाट उघडताना माणूस थोडा तरी लाजतो.

ऑफिसातल्या लोकांना परमिशनबद्दल एकच गोष्ट कळते, ती म्हणजे आपल्याला सगळी हवी. हिशेबातल्या बाईंना छपाईचं फोल्डर हवं असतं. कशाला, विचारलं तर म्हणतात, "असू दे की, लागलं कधी तर." छपाईच्या फोरमनला पगाराचं फोल्डर हवं असतं. कशाला ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. आणि ज्याला सगळी परमिशन मिळते, तो पहिल्या आठवड्यात काहीतरी उडवतो आणि माझ्यापुढे येऊन म्हणतो, "आपोआप गेलं हो." इतक्या वर्षांत एकही फाइल आपोआप गेलेली मी पाहिलेली नाही. माणसं जातात आपोआप. फायलींना कुणीतरी घालवावं लागतं.

माझी बायको याच कारखान्यात डिझाइनला होती. सपाट पुठ्ठा कुठे कापायचा, कुठे मोडायचा, कुठली पाकळी कुठल्या खाचेत बसवायची, याचे आराखडे ती काढायची. ती गेली त्याला अजून वर्ष व्हायचंय. आजार पोटाचा होता आणि लांबला नाही. याहून जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही.

तिचं शेवटचं काम म्हणजे काचेच्या दिव्याचं खोकं. दिव्याची काच पातळ, त्यामुळे खोक्यात फोमचे तुकडे भरावे लागतात आणि वर डिंक लागतो. तिला दोन्ही नको होतं. एकाच पुठ्ठ्याच्या घड्या अशा घालायच्या की आतल्या आत काचेला चारी बाजूंनी धरणारी कमान तयार होईल. त्यासाठी घरचं जेवणाचं टेबल तिनं कित्येक महिने अडवून ठेवलं होतं. आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवायचो. शेवटी ते जमलं. आराखडा पूर्ण करून तिनं ड्राइव्हवर ठेवला आणि त्यानंतर ती कारखान्यात गेलीच नाही.

आमच्या कारखान्यात एक जुनी पद्धत आहे. ज्यानं खोकं रचलं, त्याचं नाव तळाच्या आतल्या पाकळीवर बारीक अक्षरांत छापतात. खोकं पूर्ण उलगडल्याशिवाय ते दिसत नाही, आणि खोकं उलगडून बघायला कुणाला वेळ आहे. पण रचणाऱ्यांना त्याचं फार असतं. सासूबाई माझ्याकडेच राहतात. पूर्वी मुलीकडे राहायच्या, आता जावयाकडे राहतात, घर तेच आहे. बाजारातून साबण आणला की त्या आधी खोकं उलगडून तळ बघतात. लेकीचं नाव निघालं तर खोकं सपाट करून गादीखाली ठेवतात. दुसऱ्याचं निघालं तर म्हणतात, "हे काय खोकंय. दमेकऱ्यासारखं बसलंय."

दिव्याच्या खोक्याचं त्या दर दोन दिवसांनी विचारायच्या.

"दिव्याचं झालं का?"

"नाही अजून."

"करतात काय ते दिवसभर तिकडे?"

"मीटिंगा."

"त्यानं दिवा लागतो का?"

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. प्रत्येक फाइलला मालक असतो. फाइल ज्यानं बनवली तो मालक. ते नाव एका आतल्या रकान्यात असतं, तिथे कुणी बघायला जात नाही. कारखान्याचा नियम असा, की माणूस नोकरी सोडून गेला किंवा कसाही गेला, की त्याचं खातं काढून टाकायचं. खातं काढलं की त्याच्या फायलींवर मालक म्हणून त्याच्या नावाऐवजी एक लांबलचक आकडा दिसायला लागतो. बाकीच्यांची खाती मी त्याच दिवशी काढतो. तिचं बंद केलंय, काढलेलं नाही. मला कुणी विचारलेलं नाही, कारण विचारण्याएवढं तिथे कुणाला कळत नाही.

तर जावईबापू. हा मोठ्या साहेबांचा जावई. पूर्वी तो नळ विकायचा. नळ विकता येतात म्हणजे खोकी रचून घेता येतील, असं साहेबांना वाटलं, आणि त्यांनी त्याला डिझाइनचा प्रमुख केलं. माझ्या बायकोच्या शेजारच्या टेबलावर तो काही महिने बसला. तो तिला काकू म्हणायचा आणि मला काका म्हणतो. नाती लावायला त्याला परमिशन लागत नाही.

त्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"काका, कटरवर या लगेच. अर्जंट आहे. सर्व्हर पडलाय."

सर्व्हर माझ्या पायाशी गुरगुरत होता. मी डबा बंद केला आणि गेलो.

कटर म्हणजे नमुना कापायचं मशीन. आराखड्याची फाइल उघडायची आणि बटण दाबायचं, की मशीनचं पातं पुठ्ठा कापून देतं. मशीनवरचा माणूस जुना आहे, त्याला सगळे कटरवालाच म्हणतात. पडद्यावर परवानगी नसल्याचा तोच तो निरोप होता, अ‍ॅक्सेस डिनाइड.

"बघा भाऊ," कटरवाला मला म्हणाला. "सकाळपासून नुसतं नाही, नाही. मला वाटलं घरीच आहे मी."

मग आपण कुणाशी बोलतोय ते त्याच्या लक्षात आलं, आणि तो पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करायला लागला. मला राग आला नाही. एवढं तरी त्याच्या लक्षात आलं.

"सर्व्हर पडलेला नाही," मी जावईबापूंना सांगितलं.

"मग नेटवर्क असेल."

"नेटवर्क चालू आहे."

"मग व्हायरस. माझ्या मेव्हण्याच्या ऑफिसात असंच झालं होतं."

"तुम्ही काय केलंत?"

"मी काहीच केलं नाही."

मी गप्प राहिलो. काहीच न केलेल्या माणसासमोर गप्प राहायचं, मग तो बोलतो.

"म्हणजे फायली फक्त इकडे आणल्या. नमुन्यांच्या फोल्डरमध्ये. उद्या दिव्यांच्या कंपनीचे लोक येणारेत, त्यांना खोकं दाखवायचंय."

"आणल्या कशा?"

"कशा म्हणजे? तिकडून ओढल्या, इकडे टाकल्या."

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. फाइलची कॉपी केली, की नवी प्रत ज्या फोल्डरमध्ये ठेवाल तिथले नियम घेते. तिथल्या सगळ्यांना ती उघडता येते, आणि कॉपी करणारा तिचा मालक होतो. पण त्याच ड्राइव्हवर फाइल नुसती ओढून हलवली, तर ती आपले जुने नियम बरोबर घेऊन येते. जागा बदलते, कुलूप तेच राहतं आणि मालकही तोच राहतो. बायकोचं फोल्डर मी तिच्याच सांगण्यावरून बंदिस्त करून दिलं होतं, कारण कुणीतरी तिच्या रेघा हलवून ठेवायचं. तिथे ती, मी आणि डिझाइनचा प्रमुख एवढ्यांनाच प्रवेश होता. कटरवाल्याला नव्हता. म्हणून जावईबापूंना फायली दिसत होत्या, आणि कटरला दिसत नव्हत्या. बाकी काही झालेलं नव्हतं.

या ऑफिसात लोक ऊठसूट कॉपी करतात. एका फाइलच्या 'फायनल', 'फायनल नवी', 'हीच फायनल' अशा प्रती सगळीकडे पडलेल्या असतात. मग याच एका वेळी यानं कॉपी का केली नाही? ते मला कटरजवळच्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. कॉपी केली असती तर मूळ फायली तिच्या फोल्डरमध्ये राहिल्या असत्या. त्याला त्या तिथे राहायला नको होत्या. मी तिचं फोल्डर उघडून बघितलं. दिव्याचं त्यात काही उरलं नव्हतं.

नमुन्यांच्या फोल्डरमध्ये आराखड्यांच्या शेजारी उद्याचं प्रेझेंटेशन होतं. ते तरी उघडतंय का हे बघायला म्हणून मी उघडलं. पहिल्या पानावर खोक्याचं चित्र, त्याखाली 'संकल्पना व रचना', त्याखाली जावईबापूंचं पूर्ण नाव आणि हाताची घडी घातलेला फोटो. शेवटच्या पानावर तळाची पाकळी मोठी करून दाखवली होती आणि तिच्यावर त्याचंच नाव.

तो माझ्या मागेच उभा होता. त्यानं बघितलं की मी बघतोय.

"ते अजून कच्चं आहे, काका," तो म्हणाला.

"बरं."

"साहेब म्हणाले, हल्ली प्रमुखाचं नाव टाकतात. टीमच्या वतीनं. काकूंचा वाटा आहेच त्यात, मी कुठे नाही म्हणतोय."

वाटा. कटरवाल्यानं झाडू घेतला आणि झाडलेलीच जागा पुन्हा झाडायला लागला.

"तुम्ही असं करा ना," जावईबापू म्हणाले, "सगळ्यांना सगळी परमिशन देऊन टाका. म्हणजे कटकट नको."

त्याला हवं होतं ते सगळं एका वाक्यात मिळालं असतं. ओढू नका, कॉपी करा. कटर चालला असता, आणि आतल्या रकान्यातही त्याचं नाव आलं असतं, त्याला न कळता. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. रोज दहा जणांना मी ते सांगतो. त्याला सांगितलं नाही. मी कटरवाल्याला त्या फायली नुसत्या वाचायची परवानगी दिली आणि उठलो. मालकाच्या रकान्यात तिचं नाव होतं तसं राहिलं.

पातं चालायला लागलं. पाकळ्या एकेक करून सुटल्या. मी थांबलो नाही.

संध्याकाळी जेवताना सासूबाईंनी विचारलं, "दिव्याचं?"

"नमुना कापला आज."

"नाव?"

"ते छपाईच्या वेळी. अजून वेळ आहे."

"खोटं बोलताना तुम्ही ताटात बघता," त्या म्हणाल्या.

मग मी सांगितलं. साहेबांचा जावई, त्याचा फोटो, पाकळी, सगळं. त्यांनी पोळी बाजूला ठेवली.

"जावई म्हटले की असेच," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. "तुम्ही नाही." आणि थोड्या वेळानं, "तुम्हीही थोडे."

"मी काय केलं?"

"तेच विचारतेय. तुम्ही काय केलंत?"

"आई, मी नुसता सर्व्हर सांभाळतो. कुणाचं नाव छापायचं ते साहेब ठरवतात."

"मग सांभाळा," त्या म्हणाल्या. "तिच्यामागे तेवढंच सांभाळायचं राहिलंय." आणि ताट उचलून आत गेल्या.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. परमिशनमध्ये 'परवानगी' असते तसं 'नकार' पण असतं. नकार सगळ्याच्या वर. प्रमुख असा, साहेबांचे जावई असा, एका ठिकाणी तुमच्या नावापुढे नकाराची खूण केली की संपलं. मी प्रेझेंटेशनच्या फाइलवर जावईबापूंच्या नावापुढे ती खूण केली. दुसऱ्याच्या फाइलला हात लावणाऱ्यांबद्दल मी वर बरंच काही लिहिलंय. त्यातलं हवं ते मलाही लावा. माझा त्यामागे काही मोठा विचार नव्हता. तो पाहुण्यांसमोर तोंडघशी पडलेला मला बघायचा होता.

त्यांनी मला बोलावलं तेव्हा मीटिंग सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. खोलीत मोठे साहेब, जावईबापू, आणि दिव्यांच्या कंपनीच्या खरेदीवाल्या बाई. बाई वयस्क होत्या आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तोच निरोप होता. जावईबापूंच्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

"हे काय चाललंय?" मोठे साहेब मला म्हणाले. काही बिघडलं की ते ज्याचा पगार कमी त्याच्याकडे बघतात.

"बघतो," मी म्हणालो, आणि लॅपटॉप पुढे ओढून माझ्या नावानं आत शिरलो. खूण काढायला मला एक क्षण पुरला असता. मी इकडेतिकडे टिचक्या मारत बसलो.

"राहू द्या हो तो पडदा," बाई म्हणाल्या. "मला काय सिनेमा बघायचाय? खोकं आहे ना? द्या इकडे."

जावईबापूंनी खोकं दिलं. बाईंनी पिशवीतून दिव्याची काच काढली, आत ठेवली, झाकण लावलं आणि खोकं सरळ टेबलावरून खाली सोडून दिलं. साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. बाईंनी वाकून खोकं उचललं, उघडलं, काच प्रकाशात धरून फिरवून बघितली आणि परत ठेवली. मग पुन्हा सोडलं.

"डिंक कुठेय?"

"नाहीये," जावईबापू म्हणाले.

"फोम?"

"तोही नाहीये."

"मग हे सुचलं कसं?"

या प्रश्नाचं उत्तर प्रेझेंटेशनच्या तिसऱ्या पानावर होतं. मी ते वाचलं होतं. 'ग्राहकाच्या गरजेचा सखोल वेध घेऊन नावीन्यपूर्ण दृष्टिकोनातून', असं काहीतरी. वाचून दाखवायला त्याला काही अडचण आली नसती. पण पडद्यावर अ‍ॅक्सेस डिनाइड होतं. त्यानं पडद्याकडे बघितलं, सासऱ्याकडे बघितलं, आणि तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघत होतो. तोंडात काही नव्हतं. नळ विकणाऱ्या माणसाला पाठ केल्याशिवाय खोटंसुद्धा बोलता येत नाही.

"ते काकूंना सुचलं," तो म्हणाला.

"कोण काकू?"

"आमच्याकडे होत्या, डिझाइनला. माझ्या शेजारी बसायच्या. वारल्या त्या." मग तो थांबला, आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला, "हे सगळं त्यांनीच केलंय. मी फक्त कापून आणलं."

मोठे साहेब टेबलाच्या लाकडाकडे बघायला लागले.

माझं बोट त्या खुणेवर होतं. ती काढली असती तर भिंतीएवढ्या पडद्यावर 'संकल्पना व रचना' आणि त्याचा हाताची घडी घातलेला फोटो उमटला असता, नेमका आत्ता, त्याच्या या वाक्यानंतर. बाईंनी चष्मा खाली घेऊन वाचलं असतं. याहून चांगली वेळ मला जन्मात मिळाली नसती. जावईबापू माझ्याकडे बघत होते. पहिल्या पानावर काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यानं विनवणी केली असती तर मी खूण काढली असती.

"फाइल खराब झालीये," मी म्हणालो. "उघडणार नाही." आणि लॅपटॉप बंद केला.

मी त्याला वाचवलं असं कुणी समजू नये. तिच्याबद्दल त्या खोलीत नुकतंच कुणीतरी खरं बोललं होतं, आणि त्या बोलण्यावर मला तो फोटो यायला नको होता. एवढंच. तो माणूस आहे तसाच आहे. दुसऱ्याच दिवशी त्यानं हिशेबाचं फोल्डर मागितलं.

बाईंनी एव्हाना खोकं उलगडायला घेतलं होतं. घड्या मोडत मोडत त्यांनी पुठ्ठा पूर्ण सपाट केला आणि तळाची पाकळी शोधली. ती कोरी होती.

"तुमच्याकडे इथे नाव छापतात ना?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडे तुमची खूप जुनी खोकी आहेत. मी बघते नेहमी." त्यांनी पेन काढलं. "लिहून घेते, ऑर्डरीत टाकायला. पूर्ण नाव काय त्यांचं?"

जावईबापू माझ्याकडे बघायला लागले. तिच्या शेजारी तो काही महिने बसला होता. तिचा डबा खाल्ला होता. तिच्या फायली एकेक करून ओढून नेल्या होत्या. आडनाव त्याला माहीत होतं, कारण ते माझंही आहे. तिचं स्वतःचं नाव मात्र त्याला सांगता येईना. साहेबांनी फोन काढला आणि त्यात काहीतरी शोधायचं नाटक करायला लागले. बाई पेन धरून एकाकडून दुसऱ्याकडे बघत होत्या.

मग मी सांगितलं.

"जरा सावकाश," बाई म्हणाल्या.

मी परत सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. ते नाव ती गेल्यापासून मी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. घरी सासूबाई 'ती' म्हणतात, मीही 'ती' म्हणतो. बाईंनी ते पाकळीवर पेनानं लिहिलं, छापतात तिथेच, आणि पुठ्ठा माझ्याकडे वळवला.

"बघा, बरोबर आहे?"

बरोबर होतं.